दुसऱ्या रात्रीची वेळ

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आयुष्यात कधी मनगटाला घड्याळ बांधलं नाही. ‘आमचं घड्याळ चालतं-बोलतं आहे’ असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते घड्याळ म्हणजे मी. लहानपणी मला न बघता वेळ सांगता यायची, पाच मिनिटं इकडे-तिकडे. कशी यायची देव जाणे, पण यायची, आणि दादाला त्याचं भारी कौतुक होतं. तेव्हापासून माझं नावच ‘घड्याळ’ पडलं. समोरच्या भिंतीवर ताटाएवढं घड्याळ टांगलेलं असलं तरी हा वळून मलाच विचारणार, “ए घड्याळ, किती वाजले?” मी वैतागून म्हणायचे, “डोळे फुटले का तुझे?” आणि वेळ सांगायचे.

पुढे त्याचे डोळे खरंच गेले. तेव्हापासून मी ते वाक्य सोडलं. वेळ मात्र तो मलाच विचारत राहिला, फोन करूनसुद्धा. वहिनी शेजारी बसलेली असायची.

मी वेधशाळेत काचा सांभाळते. लोकांना वाटतं खिडक्यांच्या. पूर्वी आकाशाचे फोटो फिल्मवर नव्हे, काचेवर काढत. वहीच्या पानाएवढी पातळ काच, तिच्यावर काळे ठिपके, म्हणजे तारे. दुर्बीण ताऱ्यांच्या मागे मागे फिरते म्हणून तारे ठिपक्यासारखे उमटतात, आणि पृथ्वीच्या जवळून एखादा दगड चालला असेल तर त्याची बारीक रेघ उमटते. शहाणी माणसं त्याला लघुग्रह म्हणतात. दादा दगडच म्हणायचा, म्हणून मीही. अशा एकवीस हजार काचा आमच्या तळघरात कागदी पाकिटांत उभ्या आहेत. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले आहेत, आणि माझ्यानंतर त्यांच्यावरची धूळ कोण पुसणार या प्रश्नावर दोन बैठका होऊन चहा पिऊन झाला आहे.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या प्रमुख बाईंनी मला वर बोलावलं. बाई माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, हुशार, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या.

“ताई, हा लघुग्रह बघा,” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. “कुठल्याशा स्वयंचलित कॅमेऱ्याला मागच्या आठवड्यात सापडलाय. पुढच्या गुरुवारी दुपारी दोन सत्तेचाळीसला आपल्या जवळून जाणार. चंद्राच्या निम्म्याहून कमी अंतरावरून.”

“धोका?”

“छे. शाळेच्या मैदानाएवढा आहे आणि मुकाट्याने जाणार आहे. दिसणारही नाही, भर दुपार. पण गंमत पुढे आहे. याचा रस्ता मी उलटा चालवून पाहिला. तेवीस वर्षांपूर्वी हा असाच जवळून गेला होता. आपल्याकडे त्या महिन्याच्या काचा असतील का?”

मला नोंदवही बघावी लागली नाही. तिसरं कपाट, खालून दुसरा खण, तीन पाकिटं. मी म्हणाले, “असतील. बघते.”

जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरले. एरवी धरत नाही.

आता तेवीस वर्षांपूर्वीचं सांगते.

दादा तेव्हा रात्रीचा निरीक्षक होता, आमच्याकडचा सगळ्यात चांगला. मी त्याच्या हाताखाली वेळ लिहायला होते, तात्पुरत्या जागेवर. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, लेक पाच वर्षांची होती, आणि कायम झाल्याचं पत्र पुढच्या महिन्यात येणार होतं. काम सोपं होतं. दादा वर घुमटात अंधारात दुर्बिणीपाशी. घड्याळ बघायला दिवा लावला तर डोळे बिघडतात, पुन्हा अंधाराला सरावायला अर्धा तास जातो. म्हणून वेळ बघायचं काम खालच्या खोलीत. त्याने काचेवर उजेड सोडणारी झडप उघडली की बटण दाबायचं, खाली घंटी वाजायची, मी मोठ्या घड्याळात बघून वेळ लिहायची. वीस मिनिटांनी झडप बंद केली की पुन्हा घंटी, पुन्हा वेळ. बस्स. हे काम एखादी जागी बाई सहज करू शकते.

पहिल्या रात्री त्याने दोन काचा घेतल्या, आणि दोन्हींवर रेघ सापडली. लांब, स्वच्छ रेघ. तो सकाळी माझ्या घरी आला, लेकीला उचलून गरागरा फिरवलं आणि म्हणाला, “तुझ्या मामाला दगड सापडलाय!” ती म्हणाली, “मग मला दाखव,” आणि त्याने खिसे उलटे करून दाखवले. तिला गोवर आला होता. त्या दिवशी दिवसभर मी तिच्या उशाशी होते, आदल्या दिवशीही. सलग चौथी रात्र माझी जागरणाची होती.

दुसऱ्या रात्री एकच काच मिळाली, मग ढग आले. मी टेबलापाशी बसले होते. घंटी वाजली, मी दचकून घड्याळ बघितलं: एक बावन्न. ‘सुरुवात’ या रकान्यात लिहिलं. मग दुसऱ्या घंटीची वाट बघत बसले. ती वाजलीच नाही. दोन बारा झाले, दोन पंधरा झाले. घंटीची तार कधीकधी सैल व्हायची. दादा वीस म्हणजे वीसच मिनिटं घेणार, एकोणीस नाही की एकवीस नाही, म्हणून मी ‘शेवट’ या रकान्यात दोन बारा लिहून टाकलं. तोपर्यंत माझ्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

दादा ढगांना शिव्या घालत सरळ अंधारखोलीत काच धुवायला गेला. खाली आला तेव्हा अडीच वाजून गेले होते. मी विचारलंही नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

सकाळी घरी निघण्याआधी मी वर घुमटात जाऊन तार बघितली. चांगली घट्ट होती. मी बटण दाबलं. खाली घंटी ठणठणीत वाजली, तीन मजले ऐकू जाईल अशी. मी पुन्हा दाबलं. पुन्हा वाजली. तेव्हा कळलं की चुकली ती दुसरी घंटी नव्हे. पहिली घंटी वाजली तेव्हा मी झोपले होते. ज्या घंटीने जाग आली ती झडप बंद झाल्याची होती. सुरुवात एक बत्तीसची होती, मी एक बावन्नची लिहिली होती.

वीस मिनिटं! घरात दूध तापवायला ठेवून विसरलो तर तेवढी जातात. पण जवळून जाणारा दगड वीस मिनिटांत पार पुढे निघून गेलेला असतो.

दुपारी सांगू, असं ठरवलं. दुपारी लेकीचा ताप चढला. संध्याकाळी जाऊन बघते तर दादाने मोजमाप करून अहवाल पाठवूनही दिला होता, स्वारी ढगांकडे बघून शीळ घालत बसली होती. म्हटलं, उद्या सांगू. मग ढग आठ दिवस हटले नाहीत. हटले तेव्हा त्याने त्या नोंदीवरून गणित करून दगड जिथे असायला हवा तिथे शोधला, आणि तिथे काहीच नव्हतं.

दहा दिवसांनी जगभरच्या नोंदी गोळा करणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. दोन रात्रींचा मेळ बसत नाही. या आकड्यांवरून जो रस्ता निघतो तो असा, की हा दगड सूर्याला बांधलेलाच नाही. मोजमाप पुन्हा तपासावं. त्यांचा नियम सरळ आहे: एका रात्रीची नोंद नुसती नोंद राहते, शोध ठरायला दोन रात्री जुळाव्या लागतात.

तेव्हाच्या प्रमुखांनी आम्हा दोघांना उभं केलं. “वेळ बरोबर आहे का?” त्यांनी विचारलं. मला विचारलं होतं. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, “वेळेचं सोडा साहेब. माझी बहीण वेळेत चुकत नाही. चूक असेल तर माझ्या मोजण्यात असेल.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “मी स्वतः लिहिलीय.” खोटं नव्हतं ते. मी मूग गिळून गप्प बसले, आणि बारा दिवसांनी मला कायम झाल्याचं पत्र मिळालं.

दादाने ती रेघ पुन्हा मोजली. शंभर वेळा मोजली असेल. मग डोळे तपासून आला, डॉक्टर म्हणाले ठीक आहेत, याचा विश्वास बसेना. वर्षभराने त्याने आपण होऊन रात्रीचं काम सोडलं. “ज्याला एका रेघेची दोन टोकं धड मोजता येत नाहीत, त्याने दुर्बिणीला हात लावू नये,” असं म्हणाला आणि वेधशाळेच्याच वर्कशॉपमध्ये स्क्रू पिळत बसला. चहाच्या वेळी पोरंसोरं विचारायची, “काय दादा, दगड सापडला का?” तो हसून म्हणायचा, “मुतखडा झालाय, तो चालेल का?” सगळ्यांबरोबर मीही हसायचे. दहा वर्षांनी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा तोच सगळ्यांना सांगत सुटला, “बघा, तेव्हापासूनच सुरुवात झाली असणार.” मला खरं माहीत होतं. एवढं ऐकूनही मी बोलले नाही. पहिल्या दिवशी सांगायला धीर लागला असता. दहा वर्षांनी सांगायला काय लागतं ते माझ्यापाशी नव्हतंच.

तर त्या तीन काचा मी वर नेल्या. बाईंनी स्वतः मशीनवर ठेवून मोजल्या. पहिल्या रात्रीच्या दोन्ही केसाचाही फरक न पडता जुळल्या. बाई खुर्चीतून उठल्याच. “ताई, दादांचाच आहे हो हा! तेवीस वर्षं आधी!” मग तिसरी काच ठेवली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“रस्त्यावरच आहे,” त्या हळू म्हणाल्या. “पण मागे आहे. बरोबर वीस मिनिटं मागे.”

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी नोंदवहीचं ते पान उघडलं, खालची सही बघितली आणि वही मिटली.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “दुसरी रात्र जुळली नाही तर शोध त्यांच्या नावावर जाणार नाही. वेळ दुरुस्त करून पाठवायची तर कारण द्यावं लागेल. आपण घड्याळाचा दोष म्हणू. जुनं घड्याळ होतं, आता भंगारात गेलंय. कोण बघायला येतंय?”

चांगल्या मनाने म्हणाल्या. आणि मला मोह झाला नाही असं नाही. पण ते घड्याळ दादा रोज सकाळी स्वतः लावायचा, सेकंद न् सेकंद. जगातलं कुणीही ते कारण मानलं असतं, त्याने एकट्याने मानलं नसतं. मग पुन्हा त्या रात्रीच्या गणिताच्या वह्या घेऊन बसला असता.

मी कागद मागून घेतला आणि लिहिलं: ‘सुरुवातीची वेळ १.३२. नोंद करणारी झोपली होती.’ खाली सही केली. तेवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट दीड ओळीत मावली.

बुधवारी दुपारी दादाकडे गेले. त्याचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती, आणि हॉस्पिटलने ‘आता घरीच बरं वाटेल त्यांना’ असं सांगून पाठवून दिलं होतं. असं सांगतात तेव्हा घरच्यांनी काय ते समजायचं असतं. वहिनीने दार उघडलं. तिच्या बोटांना पेनची शाई होती.

“चालू आहे का?” मी विचारलं.

“कधी बंद होतं?” वहिनी म्हणाली. “आज सकाळपासून हवेने उजेड किती वाकतो ते चाललंय. मी म्हटलं, अहो, मी वाकले आता, ते बघा.”

हे वह्यांचं. दादाने तेवीस वर्षं त्या दुसऱ्या रात्रीचं गणित सोडलं नव्हतं. चौकोनी रेघांच्या वह्या, चाळीसच्या वर. वहिनी त्यांना सवत म्हणायची. डोळे गेल्यावर तो तोंडी सांगायचा आणि ती लिहायची. आकड्यांची भीती वाटते म्हणून शाळा सोडलेली बाई, आता दशांशाची सहा घरं न चुकता लिहीत होती.

दादा उशांना टेकून बसला होता. माझी चाहूल लागली तसा चेहरा वळवला. “ए घड्याळ, किती वाजले?”

“तीन दहा.”

“आज लवकर? हाकललं की काय?”

मी पलंगावर त्याच्याजवळ बसले. “दादा, तुझा दगड सापडला.”

त्याला आधी थट्टा वाटली. मग मी सगळं सांगितलं: कॅमेरा, पुढचा गुरुवार, दोन सत्तेचाळीस, उलटा चालवलेला रस्ता, पहिल्या रात्रीच्या दोन काचा. मग त्याने पलंगावर थाप मारली, एवढी जोरात की औषधाची बाटली पडली. “ऐकलंस का गं?” तो वहिनीला म्हणाला. “होता! तो होता!” आणि तो रडला. वहिनीने पदराने त्याचे डोळे पुसले, मग त्याच पदराने स्वतःचे. तेवढी दोन मिनिटं त्या घरात जे सुख होतं ते मी माझ्या हाताने आणलं होतं. त्यातच उठून निघून जावंसं मला फार वाटलं.

“पण मग,” दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम कामाचा झाला, “दुसरी रात्र? ती का जुळत नव्हती?”

“वेळ चुकली होती.”

“कुठली वेळ?”

“एक बावन्न नव्हे. एक बत्तीस. पहिल्या घंटीला मी झोपले होते, दादा. दुसरीला जाग आली, तीच पहिली समजून लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज बराच वेळ येत राहिला. दादाने विचारलं, “वीस मिनिटं?”

“वीस.”

“वही आण,” तो वहिनीला म्हणाला. “नवी नको. पहिली.”

मी म्हणाले, “मी लिहिते.” त्याने नकारार्थी हात हलवला. “तिचा हात बसलाय.”

वहिनीने कपाटातून पहिली वही काढली. तिच्यावर दादाचं स्वतःचं अक्षर होतं, डोळे होते तेव्हाचं. मागच्या कोऱ्या पानावर तिने एक बत्तीस लिहिलं आणि गणित सुरू झालं. तो आकडे सांगत होता, ती लिहीत होती, मध्येच श्वास लागला की दोघं थांबत. मी पलंगाच्या कडेला बसून होते. मला कुणी काही विचारलं नाही. सव्वापाचला वहिनीने शेवटचा आकडा वाचला.

“पुन्हा वाच,” दादा म्हणाला. तिने वाचला.

“जुळलं,” तो म्हणाला. मग वहीच्या पानावरून हात फिरवत, “एका दुपारचं काम होतं.”

वहिनीने पेनचं टोपण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. “तेवीस वर्षं,” ती म्हणाली, “मी त्या आकड्यांना जेवायला वाढलं. पोराच्या लग्नात हे मांडवात बसून गणित करत होते. तू शेजारीच बसली होतीस की गं.”

“हो,” मी म्हणाले.

मला दादाच्या शिव्या हव्या होत्या. लहानपणी त्याचा भोवरा मी विहिरीत टाकला तेव्हा त्याने मला झाडाला बांधून ठेवलं होतं, तसं काहीतरी हवं होतं. शेवटी मीच विचारलं, “दादा, तू एवढं सगळं करून पाहिलंस. वेळ बदलून का नाही पाहिली?”

“सगळं बदलून पाहिलं,” तो म्हणाला. “ताऱ्यांच्या जागा, हवा, काचेची जाडी. काच धुताना फुगली असेल म्हणून तेही. माझ्या डोळ्यांवर तर मी पहिल्यापासूनच ठपका ठेवला. वेळ नाही बदलली.”

“का पण?”

“ती तू लिहिली होतीस.”

एवढं बोलून तो उशीवर कलला. डोळे मिटले, म्हणजे त्याला मिटायचं कारण नव्हतं, पण मिटले. “जा आता,” तो म्हणाला. “उशीर होईल तुला.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बसले असते. मी चपला घातल्या आणि उतरले. घरी पोचेपर्यंत आपण रडतोय हे मला कळलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा कळलं.

सोमवारी कचेरीचं उत्तर आलं. दुरुस्ती मान्य. दोन्ही रात्री जुळल्या. शोध दादाच्या नावावर. बाईंनी त्याला स्वतः फोन करून सांगितलं, आणि तो त्यांच्याशी छान बोलला म्हणे, थट्टाही केली. वर्कशॉपमधल्या जुन्या लोकांनी चहाच्या वेळी टाळ्या वाजवल्या. माझ्या कागदाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आपली माणसं सभ्य असली की फार जड जातं.

गुरुवारी मी दुपारची रजा टाकून दादाकडे गेले. यावं की नाही, विचारलं नाही. वहिनीने दार उघडलं, बाजूला झाली. तिने त्याची दाढी करून दिली होती आणि त्याला स्वच्छ सदरा घातला होता. पलंग खिडकीपाशी ओढून घेतला होता. दिसणार काय होतं? लख्ख ऊन, आणि आंधळा माणूस.

मी त्याच्या डाव्या बाजूला बसले, वहिनी उजव्या. त्याने चाचपडत माझा हात शोधला आणि धरला. त्याचा हात गार होता. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, मिटलं. दादा आहे तो, किती दिवस धरून ठेवणार?

“कुठल्या बाजूने येणार?” त्याने विचारलं.

“खिडकीच्या वरून, डावीकडून. बाई म्हणाल्या.”

“वेग?”

मी सांगितला. त्याने मान हलवली, मनात काहीतरी मोजलं. आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता, खालच्या मजल्यावर नळ चालू होता. असा एवढा मोठा दगड डोक्यावरून जातोय आणि लोक बादल्या भरतायत, याचं मला त्या क्षणीही हसू आलं. दादालाही सांगावंसं वाटलं. पूर्वी सांगितलं असतं.

मग त्याने चेहरा जरा उचलला. “किती वाजले?”

नुसतंच. आधी काही न लावता. मी मनगट वर केलं. हे घड्याळ सकाळीच रेडिओवर लावून घेतलं होतं. “दोन पंचेचाळीस,” मी म्हणाले.

त्याने ऐकलं. माझा हात त्याच्या हातात होता, तो त्याने सोडला नाही, उलट किंचित दाबलाच. आणि मान उजवीकडे वळवून वहिनीला म्हणाला, “तू बघ गं जरा.”

वहिनीने आधी माझ्याकडे बघितलं. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“दोन पंचेचाळीस,” ती म्हणाली.

“बरं,” दादा म्हणाला.

वहिनी घड्याळाकडे बघत राहिली. वहिनीने “सत्तेचाळीस” म्हटलं तेव्हा त्याने श्वास सोडला आणि “गेला,” म्हणाला.

त्यानंतर दादा नऊ दिवस होता. मी रोज जात होते. तो माझ्याशी बोलायचा, माझ्या हातून पाणी प्यायचा, एकदा लेकीच्या गोवराची आठवण काढून हसलादेखील. वेळ मात्र त्याने रोज वहिनीला विचारली.